फावल्या वेळचे उद्योग : तुळईचा बुद्धिबळपट

ह्या सदरांत आम्हीं आजवर कागदाचीं, सुताचीं व मातीचीं कामें सांगितलीं. लाकडाच्या वाटेला मात्र गेलों नाहीं. कारण उघड आहे. आमच्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्या घरांत करवत व रंधा हीं हत्यारें परक्याचीं मानलीं जातात. भिंतींत खिळा ठोकावयाचा झाला तरी मिस्त्रींना निरोप जातो, आणि मुलानें हातोडी हातीं घेतली कीं, ‘अरे, बोट चेंगरेल!’ म्हणून चार तोंडांतून एकच ओरड होते. त्याच मुलानें पुढें यंत्रशास्त्राची पदवी घ्यावी अशी मात्र सर्वांची इच्छा असते! ही विसंगति आम्हांस आमच्याच घरांत एका सुटींत चांगलीच उमगली. ती हकीकत व तिच्यांतून निघालेली कृति अशीं दोन्हीं ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें बिऱ्हाड मारुंजीस आहे. मुळशी तालुक्यांतील हें गांव हिंजवडीस लागून असल्यामुळें गेल्या कांहीं वर्षांत त्याचें रूप पार पालटलें; शेतांच्या बांधाशीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि जुनीं कौलें आतां शोधून पाहावीं लागतात. अशाच एका इमारतींत आम्ही व आमचे वडील बंधु शेजारशेजारच्या दोन घरांत राहतों. पण चूल एकच. बंधूंना घरांतील लहानथोर सारे ‘दादा’ म्हणतात, फक्त त्यांची अकरा वर्षांची नात तेवढी ‘आजोबा’ म्हणते.

मूळ गांवचें आमचें घर वडिलांनीं बांधलेलें. तें पडावयास आलें तेव्हां उतरवून घ्यावें लागलें. दारें-खिडक्या विकल्या गेल्या. पण माजघरावरची सागवानी तुळई विकावयास दादांचें मन होईना. ती ट्रकमध्यें घालून मारुंजीस आणली आणि इमारतीच्या तळमजल्यावर, गाड्या उभ्या करावयाच्या जागीं, भिंतीशीं टेंकून ठेविली. तेथें ती चार वर्षें पडून होती. येतां-जातां कोणी तिच्यावर ओल्या छत्र्या वाळत घालीत, आणि सोसायटीच्या दर वार्षिक सभेंत तिचा विषय न चुकतां निघे.

नातीला बुद्धिबळाचा नाद. दूरध्वनीच्या पडद्यावर ती खेळतेच. परंतु समोर बसून खेळावयाचें तर घरांत एक प्लॅस्टिकचा डाव होता, आणि त्यांतला एक हत्ती केव्हांच हरवला होता. त्याच्या जागीं बाटलीचें झांकण मांडलें जाई. एके दिवशीं तें झांकण केरांत गेलें, आणि तो डाव कायमचा संपला. विकत घेतलेल्या वस्तूची हीच गोष्ट असते. एक मोहरा गेला कीं बाकीचे एकतीस निरुपयोगी होतात, कारण तो कसा झाला हें घरांत कोणालाच ठाऊक नसतें.

‘मग आपण लाकडाचाच करूं, आणि तुळईचा पट करूं,’ असें आम्हीं २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटींत सुचविलें. दादा एकदम म्हणाले, ‘वडिलांच्या घराचें छप्पर जिनें पेललें, ती कापून तूं खेळणीं करणार?’ त्यांचें बोलणें खोटें नव्हतें. घर गेल्यावर घराची म्हणून तेवढी एकच वस्तु उरली होती. त्या दिवसापासून आठवडाभर आम्हां दोघांत धड बोलणें झालें नाहीं. शेजारीं शेजारीं जेवावयास बसावें आणि मीठ मात्र मुलांमार्फत मागावें, अशी पाळी आली. शेवटीं वहिनींनींच एका रात्रीं ताटें उचलतां उचलतां विचारलें, ‘मामंजींनीं तरी उभें झाड कापूनच ही तुळई केली ना?’ दादा कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र ते खालीं तुळईपाशीं मोजपट्टी घेऊन उभे दिसले. त्यांनीं अट एकच घातली : हातभर लांबीचा तुकडा न कापतां राखावयाचा.

काम हातीं घेण्यापूर्वीं मोहऱ्यांचें रूप कसें असावें हा प्रश्न सोडवावा लागतो. बुद्धिबळ हा आपल्याकडच्या चतुरंगाचाच वंशज. हत्ती, घोडा, रथ व पायदळ हीं त्याचीं चार अंगें. पेशवाईच्या अखेरच्या काळांत त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांनीं ह्या खेळावर संस्कृतांत लिहिलें, आणि त्याचें इंग्रजी भाषांतर १८१४ मध्यें मुंबईस छापलें गेलें. म्हणजे पट मांडून त्याचा शास्त्रोक्त विचार करणें ही आपल्या प्रांताला नवी गोष्ट नव्हे. हल्लीं स्पर्धांत जे मोहरे दिसतात त्यांचा नमुना मात्र विलायतेचा. नॅथॅनिएल कुक ह्यांनीं नोंदविलेला हा नमुना लंडनच्या जॅक्स ह्या पेढीनें १८४९ मध्यें विक्रीस काढला व त्याला हॉवर्ड स्टाँटन ह्या नामांकित खेळाडूचें नांव दिलें. गंमत अशी कीं, त्या नमुन्याचे उत्तम लाकडी मोहरे आज आपल्या अमृतसरचे कारागीर करतात आणि ते जगभर जातात.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेनें मोहऱ्यांचीं मापेंहि सुचविलेलीं आहेत, व तीं घरच्या डावासहि उपयोगीं पडतात. राजाची उंची साडेनऊ सेंटिमीटर, वजीर साडेआठ, उंट सात, घोडा सहा, हत्ती साडेपांच व प्यादें पांच. बुंध्याचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा, म्हणजे मोहरा सहज कलंडत नाहीं. पटाच्या एका घरांत चार प्यादीं दाटीनें मावलीं पाहिजेत. आम्हीं घर पांच सेंटिमीटरचें व प्याद्याचा बुंधा अडीच सेंटिमीटरचा धरला.

आतां पटाची कृति. जुनें लाकूड मुरलेलें असतें हा मोठा लाभ. नवें लाकूड वाळतांना वांकतें, पिळतें व फाटतें. परंतु जुन्या लाकडांत खिळे दडलेले असतात, आणि एक खिळा लागला तर करवतीचे दांत जातात. नातीनें शीतकपाटाच्या दारावरचें लोहचुंबक काढून आणलें व तें तुळईवरून सावकाश फिरविलें. जेथें जेथें तें ओढलें गेलें तेथें खडूनें खूण केली. अकरा खिळे निघाले. मग वखारींत नेऊन दोन सेंटिमीटर जाडीच्या फळ्या पाडून घेतल्या. करवत चालूं झाली आणि त्या धुरकटलेल्या लाकडाच्या पोटांतून नव्या सागवानाचा तेलकट, उग्र वास दरवळला, तेव्हां दादा बाहेर जाऊन उभे राहिले.

काळ्या घरांसाठीं आमच्या आईच्या मोडक्या पलंगाचे शिसवी पाय व पाट्या कामास आल्या. नवें शिसव शोधण्यापेक्षां जुन्या सामानांतलें वापरणें केव्हांहि बरें. हीं झाडें वाढावयास माणसाचें आयुष्य लागतें, आणि शिसवाच्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंधहि आहेत.

पांच सेंटिमीटर रुंद व पंचेचाळीस सेंटिमीटर लांब अशा आठ पट्ट्या कराव्या. चार सागवानी, चार शिसवी. त्या एकाआड एक लावून कडेला कड चिकटवाव्या. सागवान तेलकट असल्यामुळें त्याला सरस नीट धरीत नाहीं. म्हणून चिकटविण्यापूर्वीं कड स्पिरिटानें पुसून घ्यावी. शिकंजांत आवळून रात्रभर ठेवलें म्हणजे सकाळीं पट्टेरी फळी तयार होते. आतां तीच फळी आडवी, पुन्हां पांच-पांच सेंटिमीटरवर, कापावी. प्रत्येक पट्टींत आठ घरें येतात. मूळ लांबी चाळीस न धरतां पंचेचाळीस धरावयाची ती करवतीच्या पात्याला जाणाऱ्या भुशासाठीं. ह्या आठ पट्ट्यांपैकीं एकाआड एक पट्टी उलट टोंकानें फिरवून ठेविली कीं, चौसष्ट घरांचा दुरंगी पट आपोआप जुळतो! चौसष्ट चौकोन निरनिराळे कापून जुळविण्याचा खटाटोप मुळींच करूं नये. त्यांत एकहि कोपरा दुसऱ्यास मिळत नाहीं. ह्या दुसऱ्या जोडणींत लाकडाचीं टोंकें एकमेकांस लागतात, आणि टोंक सरस पिऊन टाकतें. म्हणून आधीं पातळ सरसाचा एक हात देऊन तो थोडा मुरूं द्यावा व मगच दुसरा हात देऊन जोडावें. शेवटीं रंधा हलका मारून पॉलिश-कागदानें घासावें. सागवान व शिसव ह्या दोहोंचाहि भुसा नाकांत व कातडीला बाधतो. तोंडावर फडकें बांधल्यावांचून घासूं नये, आणि दम्याच्या माणसानें तर तेथें बसूंच नये.

मोहऱ्यांसाठीं सागवान चांगलें नव्हे. त्याची नस भरड असते, आणि त्यांतील वाळूसारख्या अंशामुळें हत्याराची धार लवकर मरते. पांढऱ्या मोहऱ्यांस आम्हीं हेदाचें लाकूड घेतलें. तें पिवळसर, एकसारख्या पोताचें व कांतावयास गुणी असतें. काळे मोहरे शिसवाचेच. बत्तीसांपैकीं घोडे चार सोडले तर बाकीचे अठ्ठावीस कांतण्याच्या यंत्रावर होतात. तें यंत्र घरीं असण्याचें कारण नाहीं. मिस्त्रींच्या ओळखीच्या एका कातारीनें दोन दिवसांत ते कांतून दिले. मुलांस आम्हीं बरोबर नेलें होतें. फिरत्या ठोकळ्याला हत्यार लागतांच प्याद्याचें डोकें कसें उमलून येतें, हें पाहतांना दूरध्वनीची आठवण एकालाहि झाली नाहीं.

मोहऱ्याच्या तळाशीं गिरमिटानें भोंक पाडून वजनासाठीं कांहीं बसवावें लागतें. पूर्वीं शिसें ओतीत. परंतु शिसें विषारी आहे आणि घरांत लहान मूल असेल तर मोहरा तोंडांत जावयाचाच. लोखंडी चकत्या सरसानें बसवाव्या व वर बनातीचा गोल तुकडा चिकटवावा. शेवटीं चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून तिचे तीन-चार पातळ हात कापसाच्या पुरचुंडीनें द्यावे. स्पिरिटाचें काम स्वयंपाकघरापासून दूर करावें, हें गृहिणींस सांगणें नको.

राहिले घोडे. घोडा कांतून होत नाहीं. तो कोरावाच लागतो, आणि सगळ्या डावाची परीक्षा घोड्यावरून होते. मिस्त्री म्हणाले, ‘दादा, हे तुमचं तुम्हीच करा. मी केले तर बाजारचे वाटतील.’ दादांनीं चाळीस वर्षें खातेवह्या लिहिल्या. पटाशी त्यांनीं कधीं धरली नव्हती. तरी ते बसले. बाजूनें दिसणारें घोड्याचें डोकें जाड कागदावर काढून कापावें, तें ठोकळ्यावर ठेवून बाह्यरेषा आंखावी, बारीक करवतीनें कडेकडेनें कापावें, आणि मग पटाशी, चाकू व कानस ह्यांनीं मान, जबडा, आयाळ अशा क्रमानें उतरावें. डावा हात नेहमीं धारेच्या मागें असावा.

पहिल्या घोड्याचा कान तुटला. दुसऱ्याचाहि तुटला. तेव्हां मिस्त्रींनीं ठोकळा हातांत घेऊन फिरविला व दाखविलें कीं, लाकडाची नस आडवी धरली आहे. नस उभी, पायापासून कानाकडे जाणारी असली तरच कानाला बळ राहतें. ही गोष्ट पुस्तकांत वाचलेली आम्हांस आठवली. परंतु दोन कान तुटल्यावर जी समजली ती निराळी. दादा हत्यार जोरानें ढकलीत तेव्हां मिस्त्री हळूच म्हणत, ‘दादा, रेटू नका. धार आहे तिला, ती जाईल.’ चार घोड्यांना बारा दिवस लागले. पहिला पुरा झालेला घोडा कांहींसा वासरासारखा दिसतो. नातीनें तोच आपल्या पांढऱ्या राजाच्या बाजूस मागून घेतला.

डाव प्रथम मांडला त्या संध्याकाळीं आम्हीं मिस्त्रींना खेळावयास बसविलें. ते जुन्या रीतीनें खेळणारे निघाले. त्या रीतींत प्यादें पहिल्या खेपेसहि एकच घर चालतें. राजाला शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. आणि पलीकडे पोंचलेलें प्यादें ज्या घरांत पोंचेल त्या घराचाच मोहरा होतें. नातीला हे नियम ठाऊक नव्हते व मिस्त्रींना नवे नव्हते. अर्धा तास वाटाघाटीच झाल्या. शेवटीं जुन्या नियमांनीं एक व नव्यांनीं एक असे दोन डाव झाले, आणि दोन्ही मिस्त्रींनीं जिंकले! वर्षानुवर्षें आमचीं दारें-कपाटें दुरुस्त करणाऱ्या माणसाला आम्हीं त्या दिवसापर्यंत एकदांहि ‘बसा’ म्हटलें नव्हतें, हें दादांनींच रात्रीं बोलून दाखविलें.

येथें गोष्ट संपावयास हरकत नव्हती. परंतु पावसाळा यावयाचा होता. पटाभोंवतीं शिसवाची चौकट आम्हीं मोठ्या हौसेनें सरसानें पक्की बसविली होती व खालची प्लायवुडची फळीहि चिकटवून टाकली होती. जुलैंत मुळशीकडून झड लागली, आणि एका सकाळीं चौकटीचे दोन कोपरे उघडलेले दिसले. पट मध्यें किंचित् उचलला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ जुलै रोजीं, नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जॉर्जियांतील बाटुमी येथें कोनेरू हंपीसारख्या मातबर खेळाडूला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला व त्यासरशीं ग्रँडमास्टरपदहि मिळविलें. सारें घर आनंदांत. आणि आमच्या नातीचा पट मात्र कोपऱ्यांत तोंड वासून पडलेला. त्या निमित्तानें वहिनींनीं मुलींना आणखी एक आठवण सांगितली : १९७४ मध्यें स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंती खाडिलकर ह्यांनीं जिंकली, आणि पुढें त्यांची धाकटी बहीण रोहिणी हिनें तें पद पांच वेळां मिळविलें. एका घरांत पट असला व त्यावर बहिणी-बहिणी बसल्या म्हणजे काय होतें, ह्याचें हें उदाहरण.

चूक आमची होती. लाकूड दमट हवेंत रुंदीकडे फुगतें व उन्हाळ्यांत आक्रसतें; लांबीकडे तें जवळजवळ हालत नाहीं. तेव्हां कोरड्या मे महिन्यांत त्याला घट्ट बांधून टाकलें तर आषाढांत तें बांधणारालाच फोडतें. चौकट काढून दादांनीं तिला आंतून खांचा पाडला. पट त्या खांच्यांत नुसता सरकवून बसविला व रुंदीच्या दोन्ही अंगांस दीड-दीड मिलिमीटर मोकळें ठेविलें. खालची फळी चिकटविण्याऐवजीं स्क्रूनें बसविली व स्क्रूचीं भोंकें लांबट केलीं, म्हणजे पट हालला तरी अडत नाहीं. तेव्हांपासून कोपरे पुन्हां उघडलेले नाहींत. हें काम दादांनीं एकट्यानें केलें. मिस्त्रींना निरोप धाडावा असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. तुळई कापण्यावरून जे आठवडाभर आमच्याशीं बोलत नव्हते, तेच आतां ‘हवा आज ओली आहे, पट भिंतीपासून दूर ठेव,’ म्हणून आम्हांस बजावीत होते. चार वर्षें ती तुळई खालीं उभी असतांना तिला वाळवी लागली आहे काय हें पाहावयास आम्हां दोघांपैकीं एकहि जण खालीं वांकला नव्हता.

गणपतींत घर पाहुण्यांनीं भरलें, आणि एक पांढरें प्यादें हरवलें. प्लॅस्टिकच्या डावाची आठवण होऊन आमच्या पोटांत धस्स झालें. नातीनें मात्र आजोबांकडे पाहिलें. हेदाचें लाकूड शिल्लक नव्हतें; म्हणून दादांनीं राखलेला हातभर तुकडा माळ्यावरून काढला, त्याचीं चार बोटें कापून तिच्या हातीं दिलीं व कानस पुढें सरकविली. कांतण्याचें यंत्र नाहीं, लाकूड भरड. तीन संध्याकाळीं ती घासत बसली. झालें तें प्यादें सरळ उभें राहतें, पण इतर सात पिवळसर, हें एक तांबूस. आणि डोकें जरासें चपटें. डाव मांडतांना ती तें नेहमीं राजापुढें ठेवते.

वाचकांपैकीं जे कोणी हा उद्योग करतील त्यांना आमची एवढीच सूचना कीं, हातीं घेतलेल्या लाकडाचा एक तुकडा, पांढऱ्याचाहि व काळ्याचाहि, राखून ठेवावा आणि तो कोठें ठेविला आहे हें घरांतील मुलांस ठाऊक असावें. आमची तुळई आतां हाताला चार बोटें कमी आहे. दादांनीं अद्याप तक्रार केलेली नाहीं.